दुसऱ्यांदा दार वाजवणाऱ्या बाईचा पगार कोण देणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या नागपूर पानावर दर आठ-पंधरा दिवसांनी पोषण किटच्या वाटपाचं छायाचित्र असतं. सप्टेंबरच्या पोषण महिन्यात अशी छायाचित्रं वाढतात, मार्चअखेर जवळ आली की पुन्हा वाढतात. देणाऱ्यांच्या मनात चांगलंच असतं, याबद्दल मला शंका नाही. मी अंगणवाड्या चालवणाऱ्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेतून मुख्यसेविका म्हणून निवृत्त झाले. नोकरीचा बहुतेक काळ पूर्व नागपुरात गेला: पारडी, कळमना, वाठोडा, नंदनवन, भांडेवाडीकडच्या वस्त्या. तिथे जे पाहिलं त्यावरून एक गोष्ट मांडायची आहे. महापालिका, जिल्हा प्रशासन आणि कंपन्या मुलांच्या आरोग्यासाठी स्थानिक संस्थांना सोबत घेतात ते योग्यच आहे, पण त्या सोबतीतला पैसा वस्तूंवर खर्च होतो. एकाच घरी पुन्हा पुन्हा जाणाऱ्या बाईवर तो खर्च होत नाही. मूल सावरतं ते मात्र तिच्या जाण्यामुळे.

कुपोषित मूल ओळखणं आता अवघड राहिलेलं नाही. सहा महिन्यांवरच्या मुलाच्या दंडाला टेप लावायची. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत घेर भरला तर मूल लाल पट्ट्यात, साडेअकरा ते साडेबारा असेल तर पिवळ्यात. सोबत वजन आणि उंची घ्यायची, पायांवर सूज आहे का ते दाबून पाहायचं. अंगणवाडी सेविका हे करतात आणि मन लावून करतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानाने लुकडी निघाली, १०.९ टक्के अतिलुकडी. देशाचा लुकडेपणाचा आकडा १९.३ टक्के होता. म्हणजे देशातल्या श्रीमंत राज्यांत गणलं जाणारं आपलं राज्य इथे देशाच्या सरासरीच्याही मागे आहे. ओळख पटल्यावर पुढे काय होतं, तिथे खरी अडचण आहे.

एका घराची गोष्ट सांगते. आई कळमन्याच्या बाजारात मिरचीचे देठ खुडायला जायची, बाप हमाली करायचा. घरात दोन पोरी आणि सव्वा वर्षाचा मुलगा. मुलाचा दंड लाल पट्ट्यात. सेविकेने घरपोच आहाराची पाकिटं दिली होती, वरून एका संस्थेचं किटही मिळालं होतं. आई म्हणाली, “पोरगं खाऊनच नाही राहिलं जी, बाई. तोंडात देलं का थुकून देते.” पाकिटातलं पीठ मोठ्या पोरी खात होत्या, आणि खाणारच. ज्या घरात तीन लेकरं उपाशी असतात तिथे एकाच्या नावाचं पाकीट त्या एकाच्याच पोटात जाईल, असं धरून चालणं बरोबर नाही. डॉक्टरांनी पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करायला सांगितलं. तिथे साधारण चौदा दिवस राहावं लागतं. आईला बुडीत मजुरी मिळते. ती तरी तयार होईना. मी विचारलं, सेविकेने विचारलं, तिचं एकच, “नाही जमत.”

का जमत नाही ते तिने आम्हाला सांगितलं नाही. सांगितलं ते एका छोट्या स्थानिक संस्थेच्या कार्यकर्तीला, जी त्याच वस्तीत दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि काम नसतानाही तिच्या दारात बसायची. बाप रात्री पिऊन येतो. शेजारच्या खोलीतल्या एका माणसाची पोरींना भीती वाटते. “मी तिथं चवदा दिवस बसली तर माह्या पोरींपाशी कोन राहीन?” नऊ वर्षांची मोठी पोरगी भावाला सांभाळायला म्हणून शाळेतून कधीच सुटली होती. लसीचं कार्ड हरवलं होतं आणि नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस राहून गेली होती. आजार, भूक, शाळा आणि पोरींची सुरक्षितता, सगळं त्या एका पत्र्याच्या खोलीत एकात एक गुंतलेलं. आमच्या रजिस्टरात मात्र त्यातल्या एकाच गोष्टीला रकाना होता.

त्या कार्यकर्तीने काय केलं ते सविस्तर सांगते, कारण माझ्या मते संस्थांशी होणाऱ्या कराराचा पैसा यालाच मिळायला हवा. टेका नाक्याला राहणाऱ्या पोरींच्या मावशीकडे ती स्वतः गेली, तिला समजावलं, पोरींना तिथे पोहोचवलं. आईसोबत दवाखान्यात गेली. भरतीच्या पहिल्या दोन रात्री आई घाबरून निघून येऊ नये म्हणून तिच्याजवळ थांबली. बुडीत मजुरीसाठी बँकेचं खातं लागतं, ते नव्हतं, म्हणून उघडून दिलं. शेजाऱ्याबद्दल जे कळलं होतं ते चाइल्डलाइनच्या १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवलं, पुढे चौकशी झाली आणि त्या माणसाने खोली सोडली. मुलाला सुटी झाल्यावर दर पंधरा दिवसांनी तपासणीला न्यायचं असतं. त्या प्रत्येक तारखेच्या आदल्या दिवशी ती आठवण करून द्यायला जायची. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे मूल जेवताना ती समोर बसायची. घट्ट वरणात भात कुस्करून, त्यात चमचाभर तेल आणि फल्लीदाण्याचा कूट घालून, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं कसं भरवायचं हे तिने करून दाखवलं. दारातल्याच झाडाचा मुनग्याचा (शेवग्याचा) पाला वरणात घालता येतो, हे त्या आईला कोणी सांगितलंच नव्हतं. दोन महिन्यांत टेप पिवळ्यात आली, पुढे हिरव्यात. मोठी पोरगी शाळेत परत गेली.

पुढच्या ३१ मार्चला त्या संस्थेचा प्रकल्प संपला. देणगीदार कंपनीने दुसरा विषय घेतला होता. वस्तीतल्या प्रत्येक सेविकेला आणि आईला माहीत असलेली ती कार्यकर्ती आता एका मंगल कार्यालयात पोळ्या लाटते. तिच्या यादीतल्या बाकी मुलांचं काय झालं हे कोणी लिहून ठेवलं नाही, कारण किती किट वाटली एवढाच हिशेब द्यायचा होता.

हे सगळं सेविकेनेच का करू नये, असं वाचकांना वाटेल. तिच्या दिवसाकडे पाहा. तीन ते सहा वर्षांची मुलं सकाळी समोर बसलेली, त्यांचं शिक्षण, त्यांचा गरम आहार, मग गरोदर आणि स्तनदा मातांच्या नोंदी, घरपोच आहाराची पाकिटं, लसीकरणाच्या दिवशी बायांना गोळा करणं, वर मोबाइलमधला पोषण ट्रॅकर. २०२५ पासून पाकीट देताना लाभार्थीचा चेहराही ॲपमध्ये टिपावा लागतो. नेटवर्क नसलं की रांग अडते आणि बोलणी सेविकेला बसतात. पाकीट योग्य हातात पडलं याची ही खात्री आहे, ती असायलाही हवी. मुलाच्या पोटात काय गेलं ते त्यातून कळत नाही. त्यासाठी कोणीतरी घरात बसावं लागतं, आणि मजूर बाया घरी भेटतात त्या संध्याकाळी सातनंतर. तेव्हा सेविकेने आपल्या लेकरांना जेवू घालायचं असतं.

दुसरी अडचण कार्यालयांची. नागपुरात अंगणवाडी राज्याच्या महिला व बालविकास विभागाकडे, नागरी आरोग्य केंद्र महापालिकेकडे, मोठी सरकारी रुग्णालयं आणखी वेगळ्या खात्यांकडे, बाल संरक्षण कक्ष जिल्ह्याकडे आणि शाळा शिक्षण विभागाकडे. मी सांगितलेलं ते घर या पाचही ठिकाणी कुठे ना कुठे नोंदलेलं होतं आणि एकाही ठिकाणी पूर्ण दिसत नव्हतं. ते पूर्ण दिसलं फक्त त्या कार्यकर्तीला. बेसा, मिहानकडच्या बांधकामांवर आणि शहराबाहेरच्या वीटभट्ट्यांवर तर याहून बिकट. बालाघाट, शिवनीकडून, छत्तीसगडहून माणसं येतात, काम संपलं की हलतात. नोंद व्हायच्या आत लेकरू दुसऱ्या साइटवर गेलेलं असतं. मुकादमाशी, ठिय्यावरच्या बायांशी ओळख ठेवणारं माणूस असल्याशिवाय ही मुलं कोणत्याच यादीत टिकत नाहीत, आणि अशा ओळखी स्थानिक संस्थांकडेच असतात.

विदर्भाला हे नवीन नाही, म्हणून जास्त वाईट वाटतं. बाळंतपणात बायका आणि बाळं दगावत होती तेव्हा, १९२१ साली, याच शहरात कमलाताई होस्पेट यांनी मातृ सेवा संघ उभा केला. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. त्या नवजात बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी पुन्हा पुन्हा जायच्या, वजन करायच्या, श्वास मोजायच्या, आईला बाळ उबदार कसं ठेवायचं ते दाखवायच्या. १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ३९ गावांत नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला होता. आज देशभर आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी पहिल्या बेचाळीस दिवसांत सहा भेटी देतात, ती २०११ ची योजना याच कामावरून आलेली आहे. महागडं यंत्र तिथे काहीच नव्हतं. शिकवलेली बाई होती आणि तिच्या भेटीचे पैसे ठरलेले होते.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंही तेच. उत्तर आणि पूर्व नागपुरात हा आजार असलेलं एखादंही घर नाही अशी गल्ली शोधावी लागेल. मूल सतत फिकट, वजन वाढत नाही, सांधे दुखतात म्हणून रात्र रात्र रडतं, आणि आपण त्याला लोहाचं औषध देत राहतो. चाचणी झाली नाही तर कारण कळत नाही. कळल्यावरही थंडीत जपायचं, उन्हाळ्यात पाणी पाजत राहायचं, औषध चुकवायचं नाही, हे वर्षानुवर्षं चालणारं काम आहे. नागपूरच्या मे महिन्यात तर अशा मुलाचा जीव पाण्यावर असतो. आपल्याच शहरातले दिवंगत संपत रामटेके यांनी, स्वतःच्या मुलाला हा आजार असल्याचं कळल्यावर, सिकलसेलग्रस्तांची संघटना उभी केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झालं. त्याच्या कितीतरी आधीपासून इथले आईबाप एकमेकांना सांभाळत होते. अशा माणसांना कार्यक्रमात हार घालण्यापुरतं बोलवू नये, योजना आखताना बोलवावं.

आता पैशाचं. कंपन्यांच्या लोकांकडून मी अनेकदा ऐकलं आहे, “मॅडम, वस्तू द्यायला आम्ही तयार आहोत, पगाराला पैसे देता येत नाहीत.” आणि, “वर्षाच्या पुढचं आम्ही बोलू शकत नाही.” दोन्ही गोष्टी कायद्यात नाहीत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांप्रमाणे प्रकल्प सुरू केलेलं वर्ष सोडून पुढे तीन वर्षं चालवता येतो. प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे, हे खरं. पण ती कंपनीच्या स्वतःच्या कारभाराच्या खर्चाला आहे. प्रकल्प राबवण्यासाठी थेट लागणारा खर्च त्यात धरलेला नाही. दारोदारी जाणाऱ्या कार्यकर्तीचं मानधन हा राबवण्याचाच खर्च आहे. बुटीबोरी, हिंगण्याच्या उद्योगांनी आणि मिहानमधल्या कंपन्यांनी आपल्या हिशेबनिसांना हे एकदा विचारून पाहावं. चार वर्षांचा करार झाला तर गरोदरपणात भेटलेल्या आईचं मूल अंगणवाडीत बसेपर्यंत एकच बाई त्या घरी जाऊ शकते.

संस्थांनाही सांगायचं आहे. सगळ्या चांगल्या नसतात. काहींनी अंगणवाडीला न विचारता आपली वेगळी यादी केली, वेगळ्या काट्यावर वजनं घेतली आणि एकाच मुलाचे दोन आकडे फिरत राहिले. काहींनी किटमध्ये दुधाच्या पावडरचे डबे आणि बाटल्या घातल्या. १९९२ च्या कायद्याने अर्भकांसाठीची दुधाची पावडर आणि बाटली अशी वाटायला मनाई आहे, अपवाद अनाथालयांचा. आणि तो कायदा कोणाच्या हट्टापायी झालेला नाही. वस्तीतल्या पाण्यात कालवलेली पावडर आणि नीट न धुतलेली बाटली यांनी लेकरं हगवणीला लागतात आणि आईचं दूध आटतं. उघड्या अंगाच्या, बरगड्या दिसणाऱ्या मुलाचा फोटो अहवालात छापणं तर ताबडतोब थांबायला हवं. ते मूल उद्या त्याच वस्तीत मोठं होणार आहे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने बंदीच आहे. घराघरांत जाणाऱ्या प्रत्येक माणसाची पोलीस पडताळणी झालेली असावी. मुलावर लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, घरच्या घरी मिटवायचं नसतं, हे प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी शिकवलेलं असावं. ज्या संस्थेला या अटी जड वाटतात तिच्याशी करार करू नये.

१०९८ बद्दल स्वतंत्र लिहावं असं आहे, इथे थोडक्यात. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही सेवा शहराशहरांतल्या संस्थांच्या भरवशावर वाढली. २०२३ पासून ती सरकारी यंत्रणेकडे आली. सरकारने जबाबदारी घेतली याचं मी स्वागत करते. पण फोन नियंत्रण कक्षात वाजतो आणि पोरगी असते यशोधरानगरच्या किंवा रहाटेनगर टोळी या वस्तीच्या आतल्या गल्लीत. तिथे कोणत्या दारातून बोलायला सुरुवात करायची हे जाणणारी माणसं संस्थांमध्ये आहेत. जिल्हा बाल संरक्षण कक्षाने त्यांना लेखी करार करून सोबत ठेवावं.

महापालिकेचे दहा झोन आहेत. सुरुवातीला दोनच घ्या, पण नीट घ्या. तीन-चार अंगणवाड्यांमागे त्याच वस्तीतली एक प्रशिक्षित कार्यकर्ती असू द्या, तिचं मानधन किमान तीन वर्षांसाठी बांधलेलं असू द्या. यादी एकच असावी, सेविकेची. महिन्यातून एकदा नागरी आरोग्य केंद्रात सेविका, आशा, सिस्टर, संस्थेची कार्यकर्ती आणि बाल संरक्षण कक्षाचा माणूस यांनी एकत्र बसून लाल पट्ट्यातल्या एकेका मुलाबद्दल, नाव घेऊन, बोलावं. तिथे वाटप किती झालं हा प्रश्न नको. सहा महिन्यांपूर्वी लाल असलेली किती मुलं आज हिरव्यात आहेत, केंद्रातून सुटी झालेली किती मुलं तपासणीला आली, भावंडं सांभाळायला घरी बसलेल्या किती पोरी शाळेत परतल्या, हे विचारावं. झोननिहाय हे आकडे दर तिमाहीला आपल्या दैनिकाला द्यावेत आणि आपण ते नाव न छापता, पण ठळक छापावेत, अशी माझी विनंती आहे.

नव्या आर्थिक वर्षाचे करार एप्रिलच्या आधी ठरतात. प्रकल्प बंद पडल्यामुळे घरी बसलेल्या, टेप आणि वजनकाटा हाताळता येणाऱ्या, वस्तीत ज्यांच्या शब्दाला मान आहे अशा बाया पारडी, वाठोडा, नंदनवन भागात मला आजही माहीत आहेत. महापालिकेच्या आरोग्य विभागाने किंवा एखाद्या कंपनीने विचारणा केली तर त्यांच्याशी बोलणं करून द्यायला आणि नव्या मुलींच्या प्रशिक्षणाला विनामोबदला वेळ द्यायला मी तयार आहे. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे, तो विचारणाऱ्यांना अवश्य द्यावा.

आपली,
एक निवृत्त मुख्यसेविका,
नंदनवन, नागपूर